तुळजेच्या मागं

गटारीच्या कडेनं फिनेल शिंपडत सफाईवाला पुढं गेला आणि रुद्रम्माच्या पोटात ढवळून आलं. ती मठातून परतत होती. बाजारात नेहमीचीच वर्दळ होती. कासाराच्या दुकानात एक लग्न ठरलेली मुलगी चुडा भरून घेत होती, समोरच्या आडतीत पोत्यांची थप्पी लागत होती, आणि या सगळ्याच्या मधोमध तो वास येऊन उभा राहिला. कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली. फिनेलचा वास म्हणजे तिच्या डॉक्टर मैत्रिणीचं, तुळजेचं घर. दार उघडलं की आधी वास पुढं यायचा, मग पदर खोचलेली, ओले हात झटकणारी तुळजा. रुद्रम्माला वाटलं, आठवणीनंच असं झालं असावं. मग घशाशी आंबट पाणी आलं, तिनं तोंडावर पदर दाबला, आणि त्या पदराच्या आतल्या अंधारात तिला कळलं की ही आठवण नव्हे. तुळजेच्या आजारपणात आणि नंतरच्या बधिरपणात पाळी चुकल्याचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या लिंगायत घरात बायका बाजूला बसत नसत, त्यामुळं दुसऱ्या कुणाला संशय यायचंही कारण नव्हतं. पहिला विचार आला तो बाळाचा नव्हता. आता आपण मरणार, असा तो विचार होता. आणि तो इतका सरळ, इतका कोरडा आला की तिनं मान वर करून आजूबाजूला पाहिलं, कुणी मोठ्यानं बोललं की काय म्हणून.

दुकानदारानं आतून विचारलं, "पाणी देऊ का, वहिनी?" तिनं मानेनं नको म्हटलं आणि ती उठली. घर जवळच होतं, पण त्या दिवशी रस्ता तिला ओळखीचा वाटला नाही. पाय टाकावा तिथं जमीन जरा खाली जाते आहे असं वाटत होतं. सुईणीच्या हातून झालेलं पहिलं बाळंतपण तिला फारसं आठवत नव्हतं. मूल मेलेलंच जन्मलं होतं, आणि ती स्वतः तेव्हा इतकी लहान होती की जे झालं ते दुसऱ्या कुणाला झाल्यासारखं वाटायचं. दुसरं मात्र आठवत होतं. मूल आलं, रडलं, थोड्या वेळानं रडायचं थांबलं. मुलामागून पडायची वार आत अडकली होती. खालचं गोधडं गरम होत गेलं, मग गार. अंगातून काहीतरी शांतपणे निघून चाललं होतं आणि बरं वाटत होतं. तेच सगळ्यांत भयंकर होतं, की बरं वाटत होतं. मग दारात तुळजा. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. हात कोपरापर्यंत धुतले, गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "रुद्रे, आता मी तुला लई दुखवणार हाय. मला शिव्या दे." आणि तिनं आत हात घातला. त्या दुखण्यानं रुद्रम्मा जगात परत आली. पुढं कितीतरी दिवसांनी, अंगणात उन्हाला बसलेली असताना तुळजेनं तिला बजावलं होतं, "एकदा अडकली की पुन्हा अडकू शकते. पुन्हा दिवस राहिले तर कळल्या दिवशी माझ्याकडं यायचं. लाजायचं न्हाय. आणि मी नसले तर सोलापूरला जायचं, मोठ्या दवाखान्यात. घरात बसायचं न्हाय." मी नसले तर, म्हणजे मी कुठं खेड्यावर गेले असले तर, एवढाच त्याचा अर्थ तेव्हा दोघींनी घेतला होता.

घरी आल्यावर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की सगळं सुरू होणार. सासूला, पार्वतम्मांना, घरात सगळे अव्वा म्हणत. अव्वा खडीसाखर वाटणार, सुईणीला सांगावा जाणार, मधली खोली सारवली जाणार. तीच खोली. नवरा शांतलिंग दुकानातून लवकर येऊ लागणार आणि काही न बोलता सुपारी कातरत बसणार. कुणीही वाईट नव्हतं. सगळे आनंदानं तिला त्या खोलीकडं घेऊन जाणार होते. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहिल्यानं तिच्या आत दोन गोष्टी वाढू लागल्या. भाकरी थापताना, दिवा लावताना, नवऱ्याच्या शेजारी झोपताना ती आतल्या आत कान लावून असे. काही हललं की भ्यायची, हललं नाही की भ्यायची. आरशात पाहताना चेहऱ्याचा रंग पाही. तुळजेचाही रंग असाच आधी गेला होता.

तुळजेला तिनं मरताना पाहिलं होतं. बाकी कुणी तसं पाहिलं नव्हतं, कारण तुळजेनं कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. ढोकीच्या बाजूला एका बाईला टाके घालताना सुई बोटात गेली. एवढंच. असं तिला कितीदा झालं असेल. पण त्या बाईच्या अंगात विष होतं. बोट सुजलं, मग तळवा, मग हातावरून एक लाल रेघ वर चढू लागली. तुळजा खाटेवर बसून त्या रेघेकडं बघायची. औषधं होती ती तिनं घेतली. लढाईवरच्या शिपायांना देतात ते नवं औषध हैदराबादेहून मागवलं होतं. ते आलं नाही. "काखेत गेली की मग बघायला नको," ती म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होती. रेघ काखेत गेली त्या दिवशी दुपारी तिनं रुद्रम्माचा हात धरला. शाळेत असल्यापासून तुळजा शिकलेल्या माणसांसारखं बोलायची, चिडली किंवा प्रेमात आली की मधूनच गावाकडचा शब्द यायचा. त्या दुपारी तिची सगळी बोली माहेरच्या तामलवाडीची झाली. "रुद्रे, मला भ्या वाटतंय गं. मला समदं ठावं हाय फुडं काय व्हनार. ज्यास्नी ठावं नसतं त्यांचं बरं असतं. मला न्हाय मरायचं." तिचे दात वाजत होते. रुद्रम्मानं तिला घट्ट धरलं, लहान मुलीला धरावं तसं. पुढं तापात तिला काही कळेनासं झालं.

त्या दुपारचं रुद्रम्मा कुणाला सांगू शकली नव्हती. गावात लोक म्हणत होते, डॉक्टरीणबाई हसत गेल्या. साध्वी होत्या. रुद्रम्मा ऐकून घ्यायची आणि तिच्या मानेवर काटा यायचा. जिनं गावोगावच्या बायांना मरणाच्या दारातून ओढून काढलं, जिला ते दार बिजागरीपर्यंत माहीत होतं, तिचे दात वाजत होते. मग आपलं काय होईल?

तुळजा तिला भेटली तेव्हा दोघी परकऱ्या पोरी होत्या, सोलापूरच्या मुलींच्या शाळेत, एकाच खोलीत. तुळजा तामलवाडीच्या कोंडीरामची लेक. बाहुलीशी खेळायच्या वयात लग्न झालेली आणि वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेलेला. कोंडीरामनं भावकीचं न ऐकता पोरीला बैलगाडीत घातलं आणि हैदराबाद संस्थानाची हद्द ओलांडून शाळेत टाकलं. रुद्रम्माच्या बापाला तर फक्त हिशेबापुरती शिकलेली पोर हवी होती. पोर वयात आली तशी त्यानं तिला काढून नेलं आणि धाराशिवला दिली. निरोप देताना तुळजा म्हणाली होती, "जा तू. मी मागनं येते." आणि खरोखर आली. मद्रासकडच्या बायकांच्या डॉक्टरी शाळेत शिकून, बरोबर पेटी घेऊन, जिल्ह्यात कुणी बाई डॉक्टर पाहिली नव्हती अशा वेळी ती वेशीजवळच्या गल्लीत घर घेऊन बसली. आधी तिच्याकडं कुणी फिरकेना. पांढऱ्या कपाळाची बाई बाळंतिणीला शिवणार, म्हणून लोक नाकं मुरडत. मग एका जहागीरदाराची सून वाचली, मग एका तेल्याची, आणि मग गाड्या यायला लागल्या. सगळ्यांच्या देखत रुद्रम्मा तिला डॉक्टरीणबाई म्हणायची, आत गेली की तुळजे. आत गेल्यावर तुळजा पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "काही खायला आणलंस का?"

आता त्या घराला कुलूप होतं. रुद्रम्मा भाजीच्या निमित्तानं त्या गल्लीतून जायची. काय शोधायला जात होती, तिला सांगता आलं नसतं. एका सकाळी तिथं बैलगाडी उभी होती. बैलांच्या तोंडाला फेस होता. गाडीत कडबा घालून त्यावर एक बाई आडवी, अंगावर वाकळ, आणि एक माणूस कुलूप हातात धरून बघत होता.

"बाई कुठं गेल्या?" त्यानं विचारलं.

"गेल्या," रुद्रम्मा म्हणाली.

"कवा येत्याल?"

तिनं नुसतं कुलपाकडं पाहिलं. माणूस वाट बघत राहिला. मग तिच्या तोंडाकडं बघून त्याच्या काय ते लक्षात आलं आणि त्यानं कुलूप हळूच सोडलं, वाजू नये अशा बेतानं.

"सोलापूरला न्या," रुद्रम्मा म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात."

"बैलं थकलीती, माय. काल दुपारधरनं चालायली."

"मोटार असते."

"मोटारीत अशी बाई कोन घेतंय?"

वाकळीतून त्या बाईनं मान वळवून पाहिलं. तरुण होती. डोळ्यांत काही विचारणं नव्हतं, रडणं नव्हतं. ती रुद्रम्माकडं नुसती बघत होती, जशी पाण्याच्या तळाशी गेलेली वस्तू वर बघत असावी. माणसानं गाडी वळवली. चाक खड्ड्यात गेलं तेव्हाही ती कण्हली नाही. रुद्रम्मा भिंतीला धरून उभी राहिली. त्या बाईचं पुढं काय झालं हे रुद्रम्माला कधीच कळलं नाही, पण त्या दिवसापासून डोळे मिटले की वाकळीतला तो चेहरा दिसायचा, आणि थोड्या वेळानं तो तिचा स्वतःचा व्हायचा.

डॉक्टरीणबाईंसाठी काही करावं असं गावातल्या चार शहाण्या माणसांच्या मनात होतं. पण सभा म्हटली की सरकारी परवानगी, आणि परवानगी म्हटली की नाही. म्हणून मठात भजन आहे असं सांगून लोक जमले. मागं खांबाला टेकून एक अनोळखी माणूस बसला होता आणि सगळे त्याला न पाहिल्यासारखं करत होते. बायका एका बाजूला. रुद्रम्मा अव्वांच्या शेजारी बसली होती. दोन अभंग झाल्यावर आण्णासाहेब वकील उठले आणि आवाज खाली ठेवून बोलले. डॉक्टरीणबाई वाघीण होत्या. त्यांना भय ठाऊक नव्हतं. मृत्यूलाही त्या निर्भयपणे सामोऱ्या गेल्या. रुद्रम्माला वाटलं, उठावं आणि सांगावं, तिला भीती वाटत होती, तिनं माझा हात धरला होता, ती रडत होती, तिला असं दगडाचं करू नका. सगळं ओठांपर्यंत आलं. पण तोंड उघडलं तेव्हा शब्दांऐवजी उमासा आला आणि ती पदर लावून बाहेर पळाली. मठाच्या मागच्या भिंतीशी ती ओकत राहिली. वळून पाहिलं तर अव्वा उभ्या होत्या. त्यांनी आधी सुनेच्या पोटाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं.

"किती दिस झालं?"

रुद्रम्मानं पदरानं तोंड पुसलं.

"सांगायचं न्हाय का गं," अव्वा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तिला वाटलं होतं तसा आनंदही नव्हता.

तरी पुढचं सगळं ठरल्यासारखं सुरू झालं. सुईण येऊन पोट चाचपून गेली आणि पोरगाच आहे म्हणाली. रुद्रम्मानं शांतलिंगला सांगितलं, मला सोलापूरला न्या. तो चांगला माणूस होता. दुसरी बायको करा म्हणणाऱ्यांना त्यानं आजवर दाद दिली नव्हती. पण तो सुपारी कातरत म्हणाला, "सोलापूर म्हणजे विंग्रजी मुलूख. मधी नाका, झडती. मिशनची मानसं गळ्यातलं लिंगसुद्धा काढून ठेवाय लावत्यात म्हनं. अव्वाला कसं चालंल? आन इतकी वर्सं समद्यांचं घरीच झालं की." तो तिच्याकडं बघत नव्हता. तिला दिसलं की तोही भ्यालेला आहे, आणि भ्यालेलं माणूस दुसऱ्या भ्यालेल्याला धरू शकत नाही.

एका दुपारी अव्वा सोप्यात ज्वारी निवडत होत्या. रुद्रम्मा समोर जाऊन बसली. बोलायचं काही ठरवलं नव्हतं. बोलताना स्वतःचा आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला.

"अव्वा, मला भ्या वाटतंय."

"समद्यास्नीच वाटतं. बाईचा जल्म हाय."

"तसं न्हाय. मी मरीन. मला ठाऊक हाय. त्या खोलीत मी मरीन."

अव्वांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "माजी थोरली भैन अशीच गेली. नळदुर्गला. वार अडकून. म्या उशाला हुते, ल्हान हुते. बाहीर समदे पोरगा झाला, पोरगा झाला करायलेले. साखर वाटायलेले. आत कुनी बगितलंच न्हाय. ती माज्याकडं बगायली आन म्या तिच्याकडं." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुज्या वक्ती तुळजाबाईनं हात घातला, तवा म्या भिताडाकडं त्वांड केलं. मला वाटलं, भैन पुन्ना मरायली."

"मग सुईण कशाला बोलावता?"

"सुईन बोलावली की चार लोकांसारकं झालं. चार लोकांसारकं झालं की काय बी होवो, आपल्याकडं बोट न्हाय." हे बोलून अव्वांनी मान वर केली, जणू ते त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. मग सूप बाजूला सारून त्या उठल्या. "शांतलिंगाला म्या सांगते. म्या येते संगं. सोलापूरला माजा मावसभाऊ हाय, सिद्रामप्पा. शेवटला म्हैना त्याच्याकडं राहू."

भीती कमी झाली नाही. फक्त तिला आता दिशा मिळाली. मोटारीत बसल्यावर ती भीती पायांत उतरली, प्रत्येक हिसक्याला दोन्ही हातांनी पोट धरावं लागे. तुळजापूरचा घाट उतरताना शेजारच्या बाईनं देवीला हात जोडले, रुद्रम्मानं मात्र डोळे मिटून गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि काहीच मागितलं नाही. तामलवाडी आली. माळ, विहिरीवरची मोट, औत हाकणारं कुणीतरी. तो कोंडीराम असेल का? मोटार गेली की तोही पाठमोरा लहान होत जाणार. पुढं हद्दीवर करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. शिपाई एकेक गाठोडं सोडून तपासू लागला. रुद्रम्माला वाटलं, आता हा परत पाठवणार, मोटार वळणार, वाकळीखाली आपण आडवे, चाक खड्ड्यात जाणार.

"कहाँ जाते अम्मा?" शिपायानं विचारलं.

"बाळंतपनाला," अव्वा म्हणाल्या.

"धाराशिवला डाक्टरीन हाय ना तुमची. माझ्या घरवालीला तिनंच सोडवलं."

"ती मेली," अव्वा म्हणाल्या.

इतकं उघडं ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं. शिपायानं त्यांचं गाठोडं न सोडताच परत दिलं. रुद्रम्मानं तो शब्द ऐकला, पण तो तिच्यापर्यंत पोचला नाही. तिला फक्त मोटार सुरू झाल्याचं कळलं.

दवाखान्यातलं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उंच छत. लोखंडी खाट. भराभर बोलणारी, केस आखूड बांधलेली एक डॉक्टर. कळा सकाळपासून, मग उन्हं वर आलेली, मग मुलाचं रडणं. ते रडणं थांबेल म्हणून ती कान देऊन राहिली. ते थांबलं नाही, कुणीतरी ते दुसऱ्या खोलीत नेलं. आणि मग तीच स्तब्धता. डॉक्टर आणि नर्स एकमेकींकडं बघतात ती नजर. खालची चादर गरम झाली. तिनं ओळखलं. तिनं म्हणून टाकलं, "वार." डॉक्टर म्हणाली, "हो. घाबरू नका." नाकातोंडावर भुलीची जाळी आली, गोड, गुदमरणारा वास आला, आणि ती हातपाय झाडू लागली, कारण आता बरं वाटायला लागलं होतं, आणि तिला ठाऊक होतं की बरं वाटणं म्हणजे काय. तिनं ओरडायचा प्रयत्न केला, मला न्हाय मरायचं. आवाज निघाला की नाही कोण जाणे. छत लांब गेलं. ती कशाला तरी धरायला बघत होती आणि हाताला काही लागत नव्हतं.

मग ऊन. खिडकीतून खाटेवर आलेलं, पायांवर पडलेलं. पाय आहेत. ती बराच वेळ पायांकडं बघत राहिली. शेजारी स्टुलावर अव्वा, मांडीवर कापडाचं गाठोडं, त्यातून बाहेर आलेली एवढीशी मूठ.

"पोरगी हाय," अव्वा म्हणाल्या. "वार अडकली हुती. काडली. लई रगत गेलं." मग थोडं थांबून, "तू हायस."

रुद्रम्मानं ओठ ओले केले. सगळं अंग रिकामं, हलकं झालं होतं, आणि कितीतरी महिन्यांनी त्या रिकामेपणात काही दबा धरून बसलेलं नव्हतं. तिथं एक साधा विचार आला, रोजच्यासारखा. सिद्रामप्पाकडचं कुणी ना कुणी धाराशिवला जात असेल. त्याच्याजवळ निरोप द्यावा. तुळजेला म्हणावं, पोरगी झाली. म्हणावं, मी घरात बसले नाही. ऐकून ती पाय पसरून बसेल आणि—

तिथंच विचार थांबला. पुढं जायला जागाच नव्हती.

"अव्वा," ती म्हणाली. "तुळजा मेली."

तुला आत्ता कळलं का, असं अव्वांनी विचारलं नाही. त्यांनी पोर एका हातावर घेतलं आणि दुसरा हात सुनेच्या कपाळावर ठेवला.

"व्हय गं बाय," त्या म्हणाल्या. "मेली."

रुद्रम्माच्या घशातून जो आवाज निघाला तो बाळंतपणातही निघाला नव्हता. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. नर्स धावत आली, चादर उचलून बघू लागली, कुठं दुखतंय, कुठं दुखतंय, म्हणून विचारू लागली. अव्वांनी तिचा हात बाजूला केला.

"रडू द्या तिला," त्या म्हणाल्या. "तिची मैतरीन मेलीय."